सतरा सत्ते खंजिरी

बी.ए.ला माझे विषय मराठी, तत्त्वज्ञान आणि संगीत हे होते. यांपैकी एकाही विषयात भागाकार येत नाही.

हे आधीच सांगून ठेवतो, कारण आमच्या नात्यागोत्यात माझ्याबद्दल एक गोष्ट कितीतरी वर्षं सांगितली जाते. लग्नात सांगतात, बारशात सांगतात, एकदा तर मयतीला जमलेल्या मंडळींनी सांगितली. ती गोष्ट साफ खोटी आहे, हे जगात फक्त दोघांना ठाऊक आहे. एक मी आणि दुसरी माझी धाकटी बहीण शकू. आता माझे गुडघे गेले, दात गेले, तेव्हा खरं काय झालं ते मी जाण्याआधी लिहून टाकावं म्हणतो.

सत्तरीच्या दशकातली गोष्ट आहे. लकडगंजमध्ये आमची लाकडाची टाल, म्हणजे वखार, होती. बाबा टालेवर गादीवर बसून भाव ठरवायचे आणि उरलेला वेळ भजन करायचे. (हिशेब मुनीम करायचा. आमच्या घराण्याची आकड्यांशी ओळख होती, पण ती नमस्कारापुरती.) बी.ए. झाल्यावर बाबांनी मलाही टालेवर बसवलं. पहिल्याच महिन्यात मी एका गिऱ्हाइकाला सागाच्या फळ्या जळाऊ लाकडाच्या काट्यावर तोलून दिल्या. गिऱ्हाईक इतकं खूश झालं की जाताना माझ्या पाया पडलं.

बाबा त्या दिवशी जेवले नाहीत.

नेमकं त्याच सुमाराला धरमपेठेत धंद्याचं शिक्षण देणारी एक संस्था निघाली. पेपरात जाहिरात आली. कोणत्याही शाखेचा पदवीधर चालेल, असं पहिल्या ओळीत होतं. ती ओळ वाचून मी पेपर घडी करून ठेवला. कॉलेजच्या पातळीचं गणित यायला हवं, असं दुसऱ्या ओळीत होतं. ती शकूनं वाचली.

शकू माझ्याहून दीड वर्षानं लहान. बी.एस्सी.ला तिचं गणित होतं आणि पहिल्या वर्गात आली होती. बाबांनी तिचे पेढे वाटले आणि त्याच पेढ्यांसोबत तिचं लग्न काढलं. पारशिवनीचं स्थळ आलेलं होतं. मुलाकडे ओलिताचं शेत होतं, दोन म्हशी होत्या, आणि मुलीनं घराबाहेर पडायचं नाही ही एकच अट होती.

"धंदा शिकायले शाळा?" बाबा म्हणाले. "मंग आपण इतके वर्षं काय करून राहिलो होतो बे?"

"बाबा, आता सायंटिफिक पद्धत आली आहे," मी म्हणालो.

"सागवान जळाऊच्या भावात देणं, हे सायंटिफिक होतं काय?"

तरी बाबा कबूल झाले. माझ्या मते, मी दिवसभर टालेपासून दूर राहीन हाच त्यांना त्यातला मोठा फायदा दिसला.

शकूनं मला शिकवायला घेतलं. आठवडाभरात तिच्या ध्यानात आलं की टक्केवारी म्हटलं की मी खिडकीबाहेर बघतो आणि गुणोत्तर म्हटलं की मला जांभई येते. ती पुस्तक मिटून म्हणाली, "दादा, तुह्यानं नाही होत हे."

"मग तू शेजारी बस न वं," मी म्हणालो.

इथून माझ्या पापाला सुरुवात होते.

ती परीक्षा नव्या धर्तीची होती. प्रत्येक प्रश्नाखाली चार उत्तरं छापलेली, त्यातल्या एकावर खूण करायची. आडनाव एक असल्यामुळे आमचे नंबर लागून येणार होते, म्हणजे शकू माझ्या मागच्याच बाकावर. माझी योजना सोपी होती. शकूनं आपलं उत्तर लिहावं आणि मग बाकाच्या खालून बोटानं थाप मारावी. एक थाप म्हणजे पहिलं उत्तर, दोन म्हणजे दुसरं. चार थापांच्या पुढे काही नव्हतं, त्यामुळे मलाही मोजता आलं असतं.

शकू दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "पहिले माझा पेपर, मंग तुझा. आणि एक ध्यानात ठेव. मी तुह्या सोबतीले नाही येऊन राहिली. मी माह्यासाठी बसून राहिली."

"तुझा नंबर लागला तरी बाबा कुठं जाऊ देणार आहेत?"

"ते मंग पाहू," ती म्हणाली. "पारशिवनीले जायच्या पहिले मले एकदा पाहायचं आहे, लागते का नाही ते."

बाबांना मी सांगितलं की शकू शेजारी असली की मला धीर येतो. बाबांना हे लगेच पटलं. ते खंजिरी वाजवून भजन म्हणणारे गृहस्थ. मागून धरायला झीलकरी असल्याशिवाय त्यांनी उभ्या जन्मात तोंड उघडलं नव्हतं. "बिना झीलकऱ्याचं भजन नसते," ते म्हणाले. "जाय वं शकू, भावाच्या मागं बस."

आता आमच्या घरातली एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडे तिन्हीसांजेला परवचा व्हायचा. बाकीच्या घरांत मुलं पाढे नुसते म्हणतात. आमच्याकडे ते भजनाच्या चालीवर, खंजिरीच्या ठेक्यात व्हायचे. बाबा एक ओळ वाजवून म्हणत, आणि आम्ही ती तशीच्या तशी वाजवून परत म्हणायची. कोणी थाप दिली की आपण थाप परत द्यायची, हे आमच्या हाडात मुरलेलं होतं.

परीक्षा भर उन्हाळ्यात होती. हॉलच्या खिडक्यांना मोठाले कूलर लावले होते आणि ते ट्रक चढावर चालल्यासारखे घरघरत होते. मला आनंद झाला. त्या आवाजात थाप काय, नगारा वाजवला तरी खपला असता.

पेपर मिळाला. पहिल्या प्रश्नात एक आगगाडी होती. ती एका खांबाला ओलांडत होती. काहून ओलांडत होती ते लिहिलं नव्हतं. मी पेन्सिल खाली ठेवली आणि वाट बघत बसलो.

मागून थापा आल्या. टक, टक, टक.

आणि माझ्या बोटांनी माझ्या बाकावर उत्तर दिलं. टक, टक, टक.

मी देवाशपथ सांगतो, ते मी केलं नाही, बोटांनी केलं. शकूला वाटलं, दादाला कळलं नाही, पुन्हा मागतो आहे. तिनं पुन्हा तीन थापा दिल्या. मी पुन्हा परत केल्या. तिनं जरा चिडून जोरात दिल्या. मी त्याच जोरात परत केल्या, वर शेवटी एक छोटीशी उठान, म्हणजे जोरकस तुकडा, जोडली. (बाबांना ती उठान फार आवडायची.) या भानगडीत मूळ थापा किती होत्या, ते मी विसरून गेलो.

दुसऱ्या प्रश्नाला तेच झालं. तिसऱ्या प्रश्नापर्यंत आमचा ठेका बसला. पाचव्याला लय वाढली. मला तर मजा यायला लागली होती. शकू मागून दात-ओठ खाऊन कुजबुजली, "दादा, परत काहून वाजवून राहिला? नुसता लिही न!" पण समेवर येत असताना थांबायचं कसं, हे मला कोणी शिकवलंच नव्हतं.

आणि लाइट गेली.

सगळे कूलर एकदम बंद पडले. पंखे बंद पडले. सगळा हॉल स्मशानासारखा शांत झाला आणि त्या शांततेत आमचं भजन तेवढं चालू राहिलं. शकू शहाणी, तिनं तात्काळ हात आवरला. मी तिहाईच्या मध्यात होतो, तीनदा वाजवायचा तुकडा दीडदाच झाला होता. संगीत हा विषय घेऊन बी.ए. झालेला माणूस तिहाई अर्धी सोडू शकत नाही. मी ती पुरी केली.

पर्यवेक्षक उंच, वाकलेले, चष्मा कपाळावर ठेवलेले होते. ते सावकाश चालत माझ्याजवळ आले.

"वा," ते म्हणाले. "आणि साथीला कोण होतं?"

सगळा हॉल वळून बघू लागला.  शकू पकडली गेली तर तिचा पेपर जाणार होता, आणि पेपर गेला की पारशिवनी. मी हळूच तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती. ती खाली मान घालून गणित सोडवत होती. 

"कोणी नाही, सर," मी म्हणालो. "मीच दोन्ही वाजवत होतो."

या सगळ्या प्रकरणात मी केलेली चांगली गोष्ट एवढीच, आणि तीही घाबरून केलेली. दुसरं काही सुचलं नाही.

"डाव्या हाताला वजन कमी आहे," पर्यवेक्षक म्हणाले. "उठा, तबलजी. पुढं बसा."

त्यांनी मला पहिल्या बाकावर, थेट कूलरच्या तोंडाशी बसवलं. थोड्या वेळानं लाइट आली आणि कूलरनं माझ्यावर पाण्याचा फवारा सुरू केला. उत्तरपत्रिका भिजली. मी उरलेली गणितं तत्त्वज्ञानाच्या आधारे सोडवली. म्हणजे चारही उत्तरांत सत्याचा अंश असतो असं मानलं आणि डोळे मिटून खुणा केल्या.

निकाल संस्थेच्या फळ्यावर लागायचा होता. मी सायकलनं एकटाच गेलो. फळ्यावर शकूचा नंबर होता. त्याच्या वरचा नंबर माझा असायला हवा होता. तिथं दुसऱ्याच कोणाचा होता.

घरी परत येतो तर टालेवर बाबांचं सगळं भजनी मंडळ बसलेलं. सगळे माझ्या तोंडाकडे बघू लागले.

"लागला काय नंबर?" बाबांनी विचारलं.

"लागला, बाबा," मी म्हणालो.

कोणाचा, असं त्यांनी विचारलं नाही. त्यांच्या डोक्यात दुसरं नाव येणंच शक्य नव्हतं. आणि मी सांगितलंही नाही. मी तोंड उघडायच्या आत मुनीम जिलेबी आणायला गेला होता. एकदा गरम जिलेबी आली की माणसाला खरं बोलणं फार कठीण जातं.

शकू दारात उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तिला सगळं कळलं. संध्याकाळी मी कूलरमध्ये बादलीनं पाणी टाकत असताना ती मागे येऊन उभी राहिली.

"माझा लागला न?"

"हो."

"बाबाले केव्हा सांगतो?"

"सांगतो वं. मुलाखतीच्या पहिले सांगतो."

"मुलाखत शनिवारी आहे," ती म्हणाली. "रविवारी पारशिवनीचे लोकं पाहायले येऊन राहिले. त्यांनी हो म्हटलं की बाबा हो म्हणतील. सोमवारपासून मी कोणाच्या घरची, दादा?"

मी बादली उलटी केली. अर्धं पाणी माझ्या पायावर पडलं.

मी सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. सकाळी सांगायला गेलो तर बाबा पूजेत होते. दुपारी ते झोपले होते. संध्याकाळी गेलो, तर ते एका व्यापाऱ्याला सांगत होते, "आता पोरगाच धंदा पाहीन. शिकून येऊन राहिला." असं म्हणताना ते इतके ताठ बसले होते, की तसं मी त्यांना खंजिरी हातात नसताना कधी पाहिलं नव्हतं. मी उंबऱ्यावरूनच परत फिरलो.

शनिवारी बाबा स्वतः निघाले. काळा कोट घातला, टोपी घातली. "शकू, तूही चाल," म्हणाले. "तुह्यानंच नशीब उघडलं त्याचं." रिक्षात मी मधे बसलो होतो. डाव्या बाजूनं बाबा मला धीर देत होते. उजव्या बाजूनं शकू कोपरानं ढोसत होती. "सांग," ती पुटपुटत होती. "आता सांग." लकडगंज ते धरमपेठ हा रस्ता मी त्यानंतर कधी सुखानं पार केलेला नाही.

संस्थेच्या व्हरांड्यात शिपायानं हाक मारली, "शकुंतला भोयर."

बाबा उठले. "चुकलं तुमचं," ते म्हणाले. "मधुकर म्हणा." आणि माझा दंड धरून थेट आत शिरले. मागून शकू आली. मागून शिपाई आला.

आत तीन माणसं बसली होती. मधल्या खुर्चीतले प्राचार्य पांढऱ्या केसांचे, शांत होते. बाबांनी त्यांना हात जोडून सांगितलं की तुमच्या कारकुनानं घोटाळा केला आहे, नंबर पोराचा आहे आणि नाव पोरीचं पुकारलं आहे. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. तिथं फरशी होती, नाहीतर मी गेलोच असतो.

"नंबर शेजारचे आहेत खरे," प्राचार्य म्हणाले. "दोघांनाही विचारून बघू. आपला धंदा काय?"

"लाकडाची टाल आहे, साहेब."

"बरं. मधुकर, टालेवर सतरा गाड्या आल्या. दर गाडीत सात ओंडके. एकूण ओंडके किती?"

वाचकहो, आता आमच्या घराण्याचं गुपित सांगतो. सतराचा पाढा आमच्या चालीत छान बसायचा, फक्त सातव्या ओळीत "एकशे एकोणीस" हे काही केल्या बसायचं नाही, लांब व्हायचं. म्हणून आजोबांनी ते काढून टाकलं होतं आणि त्या जागी खंजिरीचा एक घुमारा घातला होता. सतरा सक एकशे दोन, मग खंजिरी, मग सतरा अठ्ठे एकशे छत्तीस. तीन पिढ्या आम्ही तो पाढा असाच म्हणत आलो होतो.

मी डोळे मिटून सुरुवातीपासून निघालो. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस. एकशे दोनपर्यंत सुखरूप पोचलो. त्याच्या पुढे माझ्या डोक्यात खंजिरीशिवाय काहीही नव्हतं. एकशे दोनमध्ये सतरा मिळवावेत, हे आज मला सुचतं. तेव्हा सुचलं नाही. माझी बोटं प्राचार्यांच्या टेबलावर वाजायला लागली. मागे खुर्चीत बाबांनीही डोळे मिटले आणि मांडीवर ठेका धरला.

घुमारा संपला. 

"उत्तर?" प्राचार्यांनी विचारलं.

"दिलं न त्यानं," बाबा म्हणाले.

"हे तर वाजवणं झालं."

"आमच्याकडे तिथं तेच असते, साहेब."

प्राचार्यांनी शकूकडे पाहिलं.

"एकशे एकोणीस," ती म्हणाली. मग त्यांनी तिला नफा विचारला, तूट विचारली, व्याज विचारलं, आणखी असं काहीतरी विचारलं ज्याचं नावही मला कळलं नाही. ती सांगत गेली. एकदा तर तिनं प्राचार्यांना थांबवून, प्रश्नात एक गोष्ट राहिली आहे, असं सांगितलं.

बाबा तिच्याकडे बघत राहिले होते. सगळं संपल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "तुले कसं येते वं ते, एकशे एकोणीस?"

"शाळेत शिकवलं होतं, बाबा."

"मंग घरी काहून नाही म्हटलं कधी?"

"म्हणत होती न रोज," शकू म्हणाली. "तुमची खंजिरी सुरू राहायची."

 बाबांनी टोपी काढली, तिच्या आत पाहिलं आणि परत घातली.

"मुलीला पाठवणार ना?" प्राचार्यांनी विचारलं. "वर्ग महिन्याभरात सुरू होतील."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. बाबा, मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, एवढंच म्हणायचं होतं. बाबांचा जबडा हलत होता. त्यांच्या डोळ्यांपुढे रविवारचे पाहुणे होते, टालेवर वाटलेली जिलेबी होती, आणि बहुधा मीही होतो. शकूनं खुर्चीची पाठ घट्ट धरली होती. मी मुकाट्यानं उभा राहिलो. मला साधी खंजिरीसुद्धा वाजवता आली नाही.

"पाठवतो," बाबा म्हणाले. "पारशिवनीचे लोकं उद्या येतील, चहा पिऊन जातील."

आम्ही रिक्षानं परतलो. टालेच्या कोपऱ्यावर भजनी मंडळ हार घेऊन उभंच होतं. "काय झालं, भोयरजी?"

बाबांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पोरानं बहिणीसाठी जागा सोडली."

हार माझ्या गळ्यात पडला. माझी मान शरमेनं खाली गेली. लोकांना ती नम्रता वाटली.

शकू शिकली, एका मोठ्या कारखान्यात नोकरीला लागली आणि सगळ्यात वरच्या खुर्चीपर्यंत गेली. लग्नही तिनं तिच्या पसंतीनं केलं. मी टालेवर बसलो. मुनीम होता म्हणून टाल टिकली. आणि बाबांचं ते एक वाक्य नातेवाइकांत फिरत फिरत दर वर्षी थोडं थोडं वाढत गेलं. शकूच्या निवृत्तीच्या समारंभात तर एका वक्त्यानं सांगितलं की माझा नंबर पहिला आला होता आणि मी तो रडत रडत फाडून टाकला. मला व्यासपीठावर बोलावून त्यागाबद्दल शाल दिली. ती शाल मी एकदाही पांघरली नाही. थंडीत कुडकुडलो, पण पांघरली नाही.

गेल्या महिन्यात भाच्याच्या घरी सगळे जमले होते. मी ठरवून गेलो, शाल पिशवीत घालून. जेवणं झाल्यावर उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. थापा, कूलर, जिलेबी, काही लपवलं नाही. शेवटी शाल काढून शकूच्या पुढे ठेवली.

 मग भाच्याच्या सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "इतका त्याग केला," त्या म्हणाल्या, "आणि श्रेयसुद्धा नको म्हणून राहिले."

"अहो, मी खरं सांगून राहिलो," मी म्हणालो. "मला गणित येत नव्हतं."

"पहा बाप्पा, केवढा मोठेपणा," भाचा म्हणाला.

"शकू, तू तरी सांग वं यांना."

शकूनं पानाला चुना लावत शांतपणे सांगितलं, "मी तर पहिल्यापासून सांगून राहिली, दादा. तेव्हा म्हणायचे, बहीण जळते."

भाचा आत गेला आणि कपाटातून काहीतरी घेऊन आला. मी शाल परत करायला गेलो होतो. येताना दोन घेऊन आलो.